वेळापत्रकातला समुद्र

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर जाऊन पॅरिसचं तिकीट मागितलं की सरळ एकच तिकीट हातात पडायचं. मधे समुद्र आडवा पडलाय, पण तिकिटाला त्याचं काही देणंघेणं नाही. ट्रेन डोव्हरच्या धक्क्याला टेकणार, समोर बोट वाफ धरून उभी, हमाल ट्रंका उचलून पळणार, पलीकडे कॅलेला उतरलं की परत ट्रेन तयार. आणि गंमत म्हणजे ती मधली बोटसुद्धा रेल्वेचीच. भाड्याने घेतलेली वगैरे नाही, चक्क रेल्वे कंपनीच्या मालकीची, कॅप्टनपासून कोळसा मारणाऱ्यापर्यंत सगळे रेल्वेचे पगारी नोकर.

आपल्याकडे कोकणात बोटी होत्या कारण रेल्वे नव्हती. भाऊच्या धक्क्यावरून बसायचं आणि रत्नागिरी, मालवण, पणजी करत जायचं, दुसरा सरळ रस्ताच नव्हता. तिकडे उलट, बोटी होत्या कारण रेल्वे होती. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार मजा वाटली आणि मग त्या नादात मी किती रात्री काय काय वाचत बसले ते नवऱ्याला विचारा.

त्याला एक कारण पण आहे. माझे बाबा मध्य रेल्वेत गार्ड होते. आमच्या घरात घड्याळ पाच मिनिटं पुढे, टाइमटेबल देवाच्या फोटोखाली आणि कुठलीही गोष्ट उशिरा झाली की "लेट का?" हा प्रश्न ठरलेला. त्यामुळे रेल्वेचा माणूस समुद्राकडे बघतो तेव्हा त्याला पाणी दिसत नाही, रुळांमधली गॅप दिसते, हे मला आतून माहीत आहे. ती गॅप भरायची आणि गाडी वेळेत काढायची, बास. इंग्लिश खाडीवरच्या या बोटींचा सगळा इतिहास मला तरी असाच दिसतो, की रेल्वेवाल्यांनी समुद्राला वेळापत्रकात बसवायचा प्रयत्न केला आणि समुद्र काही बसेना.

सुरुवातीला तर कायद्यातच अडचण होती. पार्लमेंट रेल्वे कंपनीला परवानगी द्यायची ती रूळ टाकायला, बोटी चालवायला नाही. साउथ ईस्टर्न रेल्वे १८४३ मध्ये डोव्हरजवळच्या फोकस्टनला पोचली, तिथलं गाळाने भरलेलं बंदर तिने १८,००० पौंडाला विकत घेतलं, पुढच्या वर्षी डोव्हर गाठलं, आता बोटी नकोत असं कसं चालेल? मग १८४५ मध्ये त्याच मंडळींनी एक वेगळी स्टीमर कंपनी काढली, कागदोपत्री रेल्वेचा तिच्याशी संबंध नाही. १८५३ मध्ये रेल्वेने ती उघडपणे ताब्यात घेतली. माणसं तीच, फक्त पाटी बदलली. असल्या युक्त्या आपल्याला काही नवीन नाहीत.

मधे एकदा मावसबहिणीकडे इंग्लंडमध्ये अ‍ॅशफर्डला गेलो होतो तेव्हा बाबांना फोकस्टनला घेऊन गेले. बंदरातलं स्टेशन बंद पडलंय, पण पाडलेलं नाही. वळणावळणाचे प्लॅटफॉर्म नीट डागडुजी करून ठेवलेत, रूळ जमिनीत बसवलेत, लोक त्यावरून कुत्री घेऊन फिरतात, कॉफी पितात. एकेकाळी याच प्लॅटफॉर्मवर उतरून माणसं समोरच्या बोटीत चढायची. मला वाटलं बाबा समुद्र बघतील, पण ते उलटं वळून गावाकडे जाणारी लाइन बघत उभे. म्हणाले, "अगं, हा चढ बघितलास का? हा घाट आहे घाट." मी मोबाइलवर शोधून सांगितलं की हा चढ वन इन थर्टी आहे, म्हणजे तीस फुटांत एक फूट वर. "बोरघाट वन इन थर्टीसेव्हन आहे," बाबा एकदम गंभीर होऊन म्हणाले, "म्हणजे आमच्यापेक्षा खडा. मागून ढकलायला बँकर इंजिन लागत असणार." लागायचेच. बंदरातून वर मेन लाइनला बोट ट्रेन चढवायची तर पुढेमागे मिळून तीन-तीन, कधी चार छोटी टँक इंजिनं जोडायचे आणि अख्खं गाव धुराने भरून जायचं. एवढा खटाटोप कशाला, तर प्रवाशाला वरच्या स्टेशनपासून बोटीपर्यंत चालत जावं लागू नये म्हणून.

पण चढ ही सोपी गोष्ट, इंजिन वाढवलं की झालं. खरी भानगड भरती-ओहोटीची. या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत पाच-सहा मीटरचा फरक पडतो आणि फोकस्टनच्या आतल्या बंदरात ओहोटीला नुसता चिखल उरतो. म्हणजे बोट लागणार ती भरतीलाच. आणि भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. म्हणून बोट रोज वेगळ्या वेळेला, आणि बोट रोज वेगळ्या वेळेला म्हणून तिला जोडलेली लंडनची ट्रेनसुद्धा रोज वेगळ्या वेळेला. 'टायडल ट्रेन' म्हणायचे तिला. चंद्राच्या तिथीवर धावणारी एक्सप्रेस! हे ऐकून बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

या गाडीने ९ जून १८६५ ला जे केलं ते इंग्लंडमध्ये अजून विसरले नाहीत. स्टेपलहर्स्टजवळ बेल्ट नदीवरच्या एका बुटक्या पुलावर रुळांखालची लाकडं बदलायचं काम चालू होतं. दोन गाड्यांच्या मधला वेळ बघून मुकादम रूळ उचलायचा, लाकूड बदलायचा, रूळ परत बसवायचा. आपण ज्याला ब्लॉक म्हणतो तोच प्रकार, फक्त कंट्रोलला न विचारता. त्या दिवशी त्याने वेळापत्रकात टायडल ट्रेनची वेळ बघितली, पण भलत्याच दिवसाची. त्याच्या हिशोबाने गाडी यायला अजून दोन तास होते. गाडी आली तीन वाजून गेल्यावर थोड्याच वेळात, आणि समोर रूळच नाहीत. झेंडा घेऊन उभा केलेला माणूस १,००० यार्डांवर हवा होता, तो ५५४ यार्डांवर उभा, कारण त्याने अंतर तारेचे खांब मोजून काढलं आणि तिथले खांब जवळजवळ होते. दहा माणसं गेली, चाळीसेक जखमी झाली.

त्या गाडीच्या पहिल्या वर्गात चार्ल्स डिकन्स होता, फ्रान्सहून परत येत होता. त्याचा डबा पुलावरून अर्धवट लोंबकळत राहिला. तो बाहेर आला, स्वतःच्या हॅटमध्ये नदीचं पाणी आणून लोकांना पाजलं, मग आठवण झाली की कादंबरीचं हस्तलिखित आत राहिलंय, तर परत त्या लोंबकळत्या डब्यात शिरून ते घेऊन आला. त्यानंतर ट्रेनमध्ये बसायची त्याला कायमची धास्ती बसली, आणि बरोब्बर पाच वर्षांनी, ९ जूनलाच तो गेला. याच्यावर लोक बरंच काही गूढ लिहितात. बाबांचा प्रश्न वेगळाच होता, "फटाके का नाही लावले रुळावर?" म्हणजे चाकाखाली फुटून ड्रायव्हरला सावध करणारे. नव्हते लावले. नियमात होते, पण धुकं नाही तर कशाला, असं मुकादमाला वाटलं. बाबा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "गाडीची वेळ रोज बदलायची, आणि मग बिचाऱ्या मुकादमाला धरायचं."

एव्हाना खाडीवर चांगलीच चढाओढ लागली होती. डोव्हरला दुसरी एक कंपनी येऊन पोचली होती, लंडन चॅटम अँड डोव्हर, आणि डाक नेण्याचं कंत्राट तिने पटकावलं. ही डाक म्हणजे साधी गोष्ट नव्हती, तिच्यात आपली पण पोती असायची. १८७० नंतर विलायतेहून मुंबईला येणारी टपालाची पोती डोव्हरहून कॅले, तिथून रेल्वेने फ्रान्स आणि इटली ओलांडून पार टाचेवरच्या ब्रिंडिसीपर्यंत, आणि पुढे पी अँड ओच्या बोटीने सुएझमार्गे मुंबई. मुंबईतले साहेब ज्या 'मेल डे'ची वाट बघत बसायचे त्या प्रवासातले पहिले वीस-बावीस मैल पाणी रेल्वेच्या बोटीने कापलेलं असायचं.

साउथ ईस्टर्नचा एडवर्ड वॉटकिन आणि चॅटमचा जेम्स स्टॅट्स फोर्ब्स, दोघांचं हाडवैर. एकाने एका गावात स्टेशन काढलं की दुसऱ्याने शेजारी काढलंच. त्यात वॉटकिन तर असा अवलिया की स्वतःच्या कंपनीच्या बोटी असताना त्याला खाडीखालून बोगदा पाहिजे होता, आणि नुसता पाहिजे नाही, १८८० नंतर त्याने खणायलाच घेतला, शेक्सपियर क्लिफच्या खालून दोनेक किलोमीटर गेलासुद्धा. १८८२ मध्ये सरकारने थांबवला, कारण लष्कराला वाटलं फ्रेंच फौज त्यातून चालत येईल. भांडून भांडून दोन्ही कंपन्या कंगाल व्हायला आल्या तेव्हा १८९९ मध्ये एकत्र नांदायला लागल्या.

प्रवाशांना मात्र या भांडणाशी कर्तव्य नव्हतं. त्यांचं दुखणं एकच, बोट लागायची. खाडी अरुंद आहे पण चावट आहे, छोटी बोट तिच्यावर अशी हलते की राजा असो की रंक, बादली समोर. यावर सगळ्यात भारी उपाय काढला हेन्री बेसेमरने. तोच तो, पोलादवाला. त्याला स्वतःला कॅलेहून येताना एकदा इतकी भयंकर बोट लागली होती की त्याने ठरवलं, बोट हलू दे, आपण बसलेली खोली हलायला नको. मग सत्तर फूट लांब, तीस फूट रुंद आलिशान सलून बोटीच्या पोटात मधोमध टांगलं, खाली हायड्रॉलिक यंत्रं, आणि एक माणूस पाणसळ समोर धरून बसणार, बोट डावीकडे कलली की तो दांडा फिरवून सलून उजवीकडे आणणार. म्हणजे शंभर श्रीमंत लोकांची पोटं एका माणसाच्या हातात, आणि त्या माणसाला बोट लागली तर काय, हे बहुतेक कोणी विचारलं नाही.

१८७५ मध्ये बोट तयार झाली. एप्रिलमधल्या खासगी फेरीतच कॅलेच्या धक्क्याला धडकून एक चाक मोडून घेतलं. ८ मे ला पाहुणे घेऊन निघाली, समुद्र शांत, सलून हलू नये म्हणून कुलूपबंद करून ठेवलेलं, कारण ते यंत्र धड चालतच नव्हतं. कॅलेला पोचल्यावर वेग कमी केला तर सुकाणूला बोट दाद देईना, आणि तिने कॅलेच्या धक्क्याचा एक तुकडाच पाडला. कंपनी बुडाली. पुढे ती बोट मोडीत निघाली, पण सलून इतकं सुंदर होतं की बोटीच्या डिझायनरने ते उचलून केंटमधल्या आपल्या बंगल्याला जोडलं, बिलियर्ड खेळायला. नंतर तिथे बायकांचं बागकामाचं कॉलेज आलं आणि त्या सलूनमध्ये लेक्चरं व्हायला लागली. जमिनीवर आल्यावर ते एकदाचं हलायचं थांबलं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून गेलं.

बेसेमरची बोट रेल्वेची नव्हती, स्वतंत्र कंपनीची होती, पण तिच्या फसण्यातून रेल्वेवाल्यांनी बरोबर धडा घेतला, की हलणं थांबवता येत नाही, तर हलण्याचा वेळ कमी करा. वेग वाढवा. १९०३ मध्ये डोव्हर-कॅलेवर 'द क्वीन' आली, टर्बाइनवर चालणारी खाडीवरची पहिली बोट, डंबार्टनच्या डेनी कारखान्यात बांधलेली. वेग हे रेल्वेवाल्यांचं आवडतं उत्तर.

आणि तेच उत्तर चार वर्षं आधी फार महागात पडलं होतं. याच खाडीतल्या चॅनेल बेटांना (गर्न्झी त्यातलंच एक) जायचे दोन रस्ते होते, साउदॅम्प्टनहून लंडन अँड साउथ वेस्टर्न रेल्वेची बोट आणि वेमथहून ग्रेट वेस्टर्न रेल्वेची. दोघींच्या बोटी साधारण एकाच सुमाराला गर्न्झीला पोचणार, म्हणजे आधी कोण हा प्रश्न रोजचाच, आणि या दोघांच्या शर्यती लोकांना माहीत होत्या. ३० मार्च १८९९, गुड फ्रायडेच्या आदला दिवस, ईस्टरच्या सुट्टीला निघालेल्या लोकांनी भरलेली 'स्टेला' साउदॅम्प्टनहून निघाली. वाटेत धुकं. कॅप्टनने वेग फारसा कमी केला नाही. चार वाजायच्या सुमाराला धुक्यातून कॅस्केट्स खडकांवरच्या दीपगृहाचा भोंगा ऐकू आला, अगदी नाकासमोर, आणि मग खडक. आठ मिनिटांत बोट पाण्याखाली. शंभरावर माणसं गेली. मेरी अ‍ॅन रॉजर्स नावाची स्टुअर्डेस होती, तिने बायकांना एकेक करून होडीत बसवलं, स्वतःचा लाइफबेल्ट दुसरीला दिला आणि होडीत जागा नाही म्हणून मागे राहिली. साउदॅम्प्टनच्या किनाऱ्यावर तिचं स्मारक आहे.

चौकशीत शर्यत सिद्ध झाली नाही. कॅप्टनने काळजी घेतली नाही एवढंच निघालं, आणि कॅप्टन बोटीबरोबरच गेलेला, त्यामुळे तो काही बोलणार नव्हता. पण दोन्ही कंपन्यांनी त्यानंतर मुकाट्याने करार केला, उत्पन्न वाटून घ्यायचं आणि आळीपाळीने बोटी सोडायच्या. शर्यत नव्हतीच तर करार कशाला, हा प्रश्न माझा नाही, तेव्हाही लोकांनी विचारला असणारच.

आपल्या इतिहासातला एक प्रवासही याच पाण्यावरून गेलाय. १३ मार्च १९१० ला पॅरिसहून परतलेल्या सावरकरांना लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर अटक झाली. पॅरिसहून व्हिक्टोरियाला यायचे जे नेहमीचे रस्ते होते, कॅलेवरून, बुलोनवरून किंवा दिएपवरून, त्या सगळ्यांवर बोट रेल्वेचीच. शाळेत हा धडा शिकताना आपण सरळ मार्सेच्या उडीवर पोचतो, त्याआधी ते खाडी कशी ओलांडून आले असतील हा विचार माझ्या तरी डोक्यात कधी आला नव्हता.

मग पहिलं महायुद्ध. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला खरा माणूस इथे येतो, चार्ल्स फ्रायट. ग्रेट ईस्टर्न रेल्वेचा कॅप्टन, हारविच ते हॉलंड या फेरीवर. हॉलंड तटस्थ, म्हणून युद्धातही फेऱ्या चालू. मार्च १९१५ च्या सुरुवातीला एका जर्मन पाणबुडीने पाठलाग केला, फ्रायटने बोट जिवाच्या आकांताने पळवून तिला हुलकावणी दिली, रेल्वेने खूष होऊन सोन्याचं घड्याळ दिलं. (रेल्वे दुसरं काय देणार!) त्याच महिन्याच्या २८ तारखेला 'ब्रसेल्स' बोटीवर असताना यू-३३ पाणबुडी आडवी आली, थांबायची खूण केली, तर हा थांबला नाहीच, उलट बोट सरळ तिच्या अंगावर घातली. पाणबुडीने बुडी मारून जीव वाचवला. यावेळी घड्याळ नौदलाकडून आलं, आतमध्ये पराक्रम कोरलेला.

पुढच्या वर्षी जूनमध्ये जर्मन विनाशिकांनी 'ब्रसेल्स' पकडली, आणि त्या घड्याळावरचा मजकूरच त्याच्याविरुद्ध पुरावा झाला. जर्मनांचं म्हणणं, हा सैनिक नाही, साधा नागरिक आहे, आणि नागरिकाने हल्ला केला तर शिक्षा मृत्यूची. २७ जुलै १९१६ ला ब्रूजमध्ये खटला चालला आणि त्याच दिवशी संध्याकाळी गोळ्या घातल्या. त्रेचाळीस वर्षांचा होता, मागे बायको आणि सात मुलं. १९१९ मध्ये त्याचं शव इंग्लंडला आणलं, ते रेल्वेच्या ज्या सामानाच्या डब्यातून लंडनला गेलं त्याच डब्यातून आधी जर्मनांनीच गोळ्या घातलेल्या नर्स एडिथ कॅव्हेलचं शव गेलं होतं आणि १९२० मध्ये अज्ञात सैनिकाचंही गेलं. तो डबा अजून जपून ठेवलाय. मला या फ्रायटबद्दल नेहमी वाटतं की तो शूर तर होताच, पण त्याच्या डोक्यात 'गाडी वेळेत पोचली पाहिजे' हेसुद्धा कुठेतरी असणार. पाणबुडी म्हणजे एक अडथळा. (हे माझं मत, इतिहासकार हसतील.)

दोन युद्धांच्या मधले दिवस म्हणजे या धंद्याचा शेवटचा थाट. १९२९ मध्ये 'गोल्डन अ‍ॅरो' सुरू झाली, तिच्यासाठी फक्त पहिल्या वर्गाची 'कँटरबरी' बोट. पण मला थाटापेक्षा १९३६ ची 'नाइट फेरी' जास्त आवडते, कारण तिथे रेल्वेवाल्यांचा हट्ट कळसाला पोचला. प्रवाशाने उतरायचंच कशाला? लंडनला झोपायच्या डब्यात चढा, डोव्हरला अख्खा डबा बोटीत जाईल, डंकर्कला बाहेर येईल, सकाळी पॅरिस. पण डबा बोटीत ढकलायचा तर बोटीतले रूळ आणि धक्क्यावरचे रूळ एका पातळीत पाहिजेत, आणि इथे परत तीच पाच-सहा मीटरची भरती-ओहोटी. मग त्यांनी डोव्हरला दरवाजे असलेली मोठी गोदीच बांधली. बोट आत घ्यायची, दरवाजा लावायचा आणि पंपाने पाणी हवं तेवढं वरखाली करायचं. म्हणजे समुद्र वेळापत्रकात बसत नाही म्हटल्यावर त्याचा एक तुकडा कोंडून घेतला! तोही सुखासुखी कोंडला गेला नाही, तिथल्या खडूच्या खडकातल्या भेगांमधून पाणी येत राहिलं, काम लांबलं, तिन्ही बोटी तयार होऊन नुसत्या उभ्या. शेवटी १४ ऑक्टोबर १९३६ ला पहिली गाडी सुटली. डब्यात प्रत्येकाच्या बर्थपाशी लाइफजॅकेट ठेवलेलं असायचं आणि मध्यरात्री खाली साखळ्यांचा असा खणखणाट व्हायचा की झोपायच्या डब्यात झोप सोडून सगळं मिळायचं. तरी ती १९८० पर्यंत चालली.

दुसऱ्या महायुद्धात यातल्या कितीतरी बोटी डंकर्कच्या किनाऱ्यावरून सैनिक आणायला गेल्या, 'लोरिना' आणि 'नॉर्मानिया' तिथेच बुडाल्या. पण रेल्वेच्या बोटींना खरं संपवलं ते बॉम्बने नाही, मोटारीने. १९२८ मध्ये स्टुअर्ट टाउनसेंड नावाचे एक निवृत्त कॅप्टन वैतागले, कारण मोटार खाडीपलीकडे न्यायला रेल्वे अवाच्या सवा पैसे मागायची. त्यांनी कोळशाची एक जुनी बोट भाड्याने घेतली आणि स्वतःच मोटारी न्यायला लागले. रेल्वेने घाईघाईने १९३१ मध्ये स्वतःची 'ऑटोकॅरियर' काढली, पण मोटार अजूनही क्रेनने उचलूनच चढवायची. गाडी चालवत थेट आत नेता येईल अशी 'लॉर्ड वॉर्डन' ब्रिटिश रेल्वेला सुचली १९५२ मध्ये. ज्या प्रवाशाकडे स्वतःची गाडी आहे त्याला बोट ट्रेन कशाला लागते, हे रेल्वेवाल्यांना कळायला इतका उशीर का लागला देव जाणे. बाबा म्हणतात, "रेल्वेत फाइल हलायला वेळ लागतो." असेलही.

१९८४ मध्ये थॅचरबाईंच्या सरकारने ब्रिटिश रेल्वेचा बोटींचा धंदा, सीलिंक, ६६ दशलक्ष पौंडाला विकून टाकला. दहा वर्षांनी खाडीखालचा बोगदा उघडला. वाटेल की संपलं. पण फ्रान्सच्या रेल्वेने आपला हिस्सा ठेवला होता, सीफ्रान्स नावाने, तो २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीत निघाला आणि त्याच्या तीन बोटी विकत घेतल्या कोणी, तर युरोटनेलने, म्हणजे बोगद्याच्या कंपनीने! ब्रिटनचा स्पर्धा आयोग लगेच मधे पडला, बोगदाही तुमचा आणि वरच्या बोटीही तुमच्या, मग भाडं कोण ठरवणार? कोर्टकचेऱ्या झाल्या, २०१५ मध्ये युरोटनेलने अंग काढून घेतलं, कामगारांनी कॅलेचं बंदर अडवलं, टायर जाळले. आयोगाचं चुकलं असं मला अजिबात वाटत नाही. पण त्यावेळी "बोगदावाल्यांना बोटी कशाला पाहिजेत?" असं विचारणारे बरेच भेटले, त्यांचं मात्र हसू येतं. रेल्वेवाले आहेत ते, पाणी मोकळं दिसलं की त्यांना राहवत नाही.